दोन दहाची बस आणि गणिताचा तास

१२ जून, गुरुवार

कॉलेज अजून सुरू नाही, पण मला बोलावणं आलंच. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सायन्सचं वेळापत्रक यंदाही तुमच्याकडं. तुमचं डोकं त्यात चालतं." डोकं चालतं म्हणून नाही, दुसरं कोणी हात लावत नाही म्हणून. चार वर्षं झाली. फिजिक्सला मी एकटी, तीही तासिका तत्त्वावर. दरवर्षी नवी मुलाखत, नवी ऑर्डर. यंदाची मुलाखत जुलैत. तोवर मी या कॉलेजची कोणीच नाही, वे.प. मात्र माझं.

मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर. नेहमीसारखे आधी कोपऱ्यात बसचे टाइम लिहिले. सकाळची इथं परंड्यात साडेसातला पोचते. दुपारी दोन दहाची कुर्डुवाडी. त्यानंतर थेट पाचची. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, पण कुठला विषय कोण घेणार हे एस.टी. ठरवते. अर्धी पोरं रोडवरच्या गावांची. मीही त्याच बसची. कुर्डुवाडीला घर. लेकीची, ओवीची शाळा साडेबाराला सुटते, सासूबाई तीन-साडेतीनपर्यंत तिला सांभाळतात, मग त्यांचे गुडघे बोलायला लागतात.

आज नुसत्या रेघा मारल्या. चौकोन रिकामे.

१६ जून, सोमवार

प्रतीक्षा आली होती. लोणारवाडीची. पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये तिच्याइतकी हुशार पोरगी माझ्या हाताखाली अजून आली नाही. मी फळ्यावर काही लिहिलं की बाकीचे उतरवून घेतात, ही पेन खाली ठेवून बघत बसते, आणि मग "पण मॅडम, असं का?" सुरुवातीला राग यायचा. आई-वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर, ही चुलत्यांकडं राहते.

फुलस्केप कागदावर पुढच्या दोन वर्षांचा आराखडा करून आणला होता. सहामाहीप्रमाणे रकाने, प्रत्येकात पेपरांची नावं, शेवटच्या रकान्यात नुसतं "एम.एस्सी. फिजिक्स" आणि त्याखाली दोन रेघा. माझ्या वे.प.पेक्षा नीटनेटका.

दुसऱ्या वर्षाला तीनपैकी एक विषय मेजर, एक मायनर, तिसरा सोडायचा. तिचे फिजिक्स, केमिस्ट्री, झूलॉजी. "मेजर फिजिक्स. मायनर कुठलं घेऊ?"

मी चहा पीत होते. म्हटलं, केमिस्ट्री, त्यात काय विचारायचं.

"पण एम.एस्सी.ला गणित लागतं म्हणत्यात."

बघून सांगते, म्हटलं. ती गेली. चहा संपवला. पण मला हे माहीत असायला हवं होतं ना. ती विचारीपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं. आमच्याकडून फिजिक्सला एम.एस्सी. करायला गेलंय कोण?

१७ जून, मंगळवार

एम.एस्सी. फिजिक्स असलेल्या दोन ठिकाणी फोन केले. दोन्हीकडं एकच उत्तर. पदवीला गणित पाहिजे, निदान मायनर. नाही तर अर्ज छाननीतच बाजूला.

आणि नुसत्या प्रवेशाचं सोडा. तिसऱ्या वर्षाचा क्वांटमचा पेपर काढून बसले. पान उलटलं की डिफरन्शियल इक्वेशन. गणिताशिवाय ही पोरगी तिथं काय करणार? पाठ करणार. "पण असं का" विचारणारी पोरगी पाठ करणार.

ती बारावीला गणितात वर्गात पहिली होती. मग पहिल्या वर्षाला झूलॉजी का घेतलं? बेडूक बघितला तरी चार पावलं मागं सरते.

गेल्या वर्षीचं वे.प. काढलं. गणित: रोज शेवटचा तास, पावणेदोन ते अडीच. बस दोन दहाची. रोडवरच्या एकाही पोरीनं गणित घेतलं नाही, आता कळलं. कदम सरांना दुपारच हवी होती, त्याला मी काय करणार.

१९ जून, गुरुवार

दोन दिवस कदम सरांवर मनात चिडून आहे. गणिताचा माणूस, भला आहे, पोरांना जीव लावतो, पण आपली सोय आधी. परंड्यातच राहतात, घरून चालत येतात, त्यांना सकाळी काय अडचण होती? त्यांच्या एका दुपारसाठी पोरीचं आयुष्य...

नि.ला सांगितलं. नवरा असून दुसऱ्याच्या बाजूनं बोलायची त्याला खोडच आहे. म्हणाला, "त्यांना विचारलंस का?"

विचारायचं काय त्यात.

२३ जून, सोमवार

विचारलं.

कदम सर म्हणाले, "मी कधी मागितली दुपार? मी जेवण झालं की आडवा होणारा माणूस. अडीचपर्यंत फळ्यापुढं उभं राहताना माझे काय हाल झाले ते पोरांना विचारा." हसत होते. "तुम्ही कागद आणलात, मी सही केली. मला वाटलं तुमची काही अडचण असेल."

मी म्हटलं, नाही हो सर, तुम्हीच म्हणाला होता. ते म्हणाले, "असेल. बरं." मी खोटी पडू नये म्हणून. ते जास्त लागलं.

घरी येऊन कपाटातली गेल्या वर्षीची पिशवी काढली. कच्चा कागद सापडला. पहिला तास, सोमवार ते शनिवार: "फिजिक्स". उजेडात तिरपा धरला तर फिजिक्सच्या खाली खोडलेलं दिसतं. "गणित". सहाही चौकोनांत. अक्षर माझं. कोपऱ्यात २.१० लिहून त्याला गोल केलेला. गोलही माझाच.

ओवी तेव्हा पहिलीत नुकती बसली होती, रोज रडायची. मी फिजिक्स वर घेतलं, प्रॅक्टिकल मधे घेतलं, दीडला मोकळी झाले. गणित जिथं जागा उरली तिथं टाकलं. आणि मग वर्षभरात कधीतरी त्याची "कदम सरांना दुपार हवी होती" अशी गोष्ट झाली. मी खोटं बोलत नव्हते. मला ते खरंच वाटत होतं.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२५ जून, बुधवार

एक वाट आहे. विद्यापीठाचं परिपत्रक दोनदा वाचलं. दुसऱ्या वर्षाला प्रवेश पक्का व्हायच्या आत विषय बदलता येतो. पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर वर्षभरात काढायचे. पण कारण द्यावं लागतं, ते कॉलेजनं प्रमाणित करावं लागतं, आणि कागद वीस जुलैच्या आत विद्यापीठात पोचला पाहिजे. पोर्टल एकतीसला बंद.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी मान हलवली, पोरगी हुशार आहे, करू की. म्हणाले, "मेडिकल जोडा. टायफॉइड झाला होता, दुपारच्या तासाला बसणं शक्य नव्हतं. डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. सगळेच करतात मॅडम."

एवढं सोपं. हलकी होऊन बाहेर पडले. माझं नाव कुठंच येत नव्हतं, हे जिना उतरताना लक्षात आलं, आणि त्यानं अजून हलकं वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे मागून याचीही गोष्ट व्हायला नको.

२८ जून, शनिवार

लोणारवाडीला गेले. फाट्यावर प्रतीक्षा उभी. घर आतल्या वस्तीवर, पुढं मेंढरांचा जाळीचा वाडगा, मोकळा. कोकरं तेवढी दोन.

काकूंनी चहा केला. चुलते एस.टी.त कंडक्टर, ड्यूटीवर होते. मी सगळं नीट समजावलं, मायनर, गणित, पुढचं शिक्षण. काकू मन लावून ऐकत होत्या. टायफॉइडवर आले तशा ताठ झाल्या.

"म्हंजी पोरीच्या नावावर दुखणं लावायचं?"

म्हटलं, नुसतं कागदावर काकू, एक सर्टिफिकेट.

"कागद लई वंगाळ असतोय मॅडम. दुखणं बरं हुतंय, कागद ऱ्हातोय. उद्या सोयरीक जुळायच्या टायमाला कुणी म्हनलं, पोरगी शिक्षणात आजारी हुती म्हनं, वर्सभर तासाला बसली न्हाय, मग? आमी काय तोंड द्यायचं हिच्या आई-बापाला? त्यांनी भरवशावर ठिवलीया." मग, "तिला तर सर्दी बी झाली न्हाय वर्सभर. एक दिस घरी न्हाय राह्यली. तुमी लिवणार तासाला बसली न्हाय?"

मला आधी वाटलं, अडाणीपणा. वाटेत समजलं की त्या बाईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चूक आमची, दुखणं तिच्या पोरीचं.

प्र. फाट्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, बारावीला एवढं चांगलं असून गणित का सोडलंस गं?

"तुम्हाला विचारलं होतं मॅडम."

मला?

"ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही टेबलावर होता. मी म्हणलं, गणित घेऊ का. तुम्ही म्हणाला, आधी बसचं बघ."

मला आठवत नाही, म्हटलं.

"तुम्ही गडबडीत होता. दोन वाजत आले होते." तक्रारीचा सूर नाही. प्रयोगाचं निरीक्षण सांगावं तसं. आणि वर, "मी बसचं बघितलं मग."

१ जुलै, मंगळवार

ओवीला ताप. रजा. म्हणजे कसली रजा, ऑर्डरच नाही तर रजा कुठली. खोटा टायफॉइड मागायला गेले आणि घरात खरा ताप आला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी दोन वेळा तो विचार आला.

३ जुलै, गुरुवार

ताप उतरला. लॅब आवरली. गेल्या वर्षीच्या जर्नलांचा गठ्ठा पोरांना परत द्यायचा होता. प्र.चं हाती आलं म्हणून चाळत बसले.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मी सगळ्यांना सांगते: कुठलीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा मोजा, सरासरी काढा, चूक किती येते ते दाखवा. बाकीच्यांनी टेबलाची लांबी घेतली. दरवर्षी सगळे टेबलाचीच घेतात. प्र.नं घेतलंय: "दोन दहाच्या बसला होणारा उशीर."

एक सहामाही. रोजची तारीख, स्टँडवरून बस सुटली ती वेळ, शेरा. "चालक बदलला." "आठवडी बाजार." "डेपोतून गाडीच नाही." खाली सरासरी, आलेख, आणि निष्कर्ष तिच्या गोल अक्षरात: ही बस दोन चाळीसच्या आत सहसा सुटत नाही. त्याआधी सुटली असे दिवस फक्त चार.

तास अडीचला संपतो. कॉलेज ते स्टँड चालत दहा मिनिटं.

म्हणजे गणिताचा तास पूर्ण करूनही बस मिळाली असती. जवळजवळ रोज. गेलं वर्षभर मी आणि रोडवरच्या पोरी पावणेदोनला कॉलेजातून निघालो, स्टँडवरच्या एकाच बाकड्यावर बसलो, शेंगा खाल्ल्या, बसची वाट बघितली. रोज पाऊण तास. तिकडं गणिताचा तास चालू. बस उशिरा येते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, रोज तिला शिव्या देत होतो. पण वे.प. केलं ते बोर्डावरच्या आकड्यावर. मी फिजिक्स शिकवते. मोजल्याशिवाय मानू नका म्हणते.

पानाच्या शेवटी लाल पेनानं माझी सही, तारीख, आणि "छान".

वाचलंच नव्हतं मी. आकडे आहेत, आलेख आहे, सही.

५ जुलै, शनिवार

प्र.ला म्हटलं, तुला डिसेंबरातच कळलं होतं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "सही झाली होती की. मला वाटलं तुम्ही वाचलंय, आणि तरी तसंच आहे म्हंजे काहीतरी कारण असंल."

मला रडू आलं. तिच्यापुढं नाही.

८ जुलै, मंगळवार

पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्यात "तांत्रिक कारणास्तव". दुसऱ्यात "वेळापत्रकातील अपरिहार्य अडचणीमुळे". अपरिहार्य म्हणे. चौथ्यात सरळ लिहिलं: गणिताचा तास शेवटी ठेवण्याचा निर्णय माझा होता. संबंधित शिक्षकांची तशी मागणी नव्हती. दुपारच्या बसमुळे ग्रामीण विद्यार्थिनींना तो विषय घेता आला नाही. सदर विद्यार्थिनीने प्रवेशावेळी विचारणा केली असता मी योग्य मार्गदर्शन केले नाही. विषय बदलण्यास परवानगी मिळावी ही विनंती. सोबत कच्च्या कागदाची आणि तिच्या जर्नलच्या पानांची झेरॉक्स.

नि.नं वाचलं. "चांगलं लिहिलंयस. मुलाखतीनंतर दे."

मुलाखत एकवीसला. कागद वीसच्या आत जायला हवा.

"हां," म्हणाला. मग बराच वेळ टीव्ही बघत राहिला, आवाज बंद करून.

मला भीती वाटते. ही नोकरी म्हणजे फार मोठं काही नाही, पण फळ्यापुढं उभी राहिले की मी कोणीतरी असते. घरी बसले तर चार महिन्यांत मी माझ्या जावेसारखी किरकिरी होईन, हे मला माहीत आहे. आणि मी नसले तर प्र.ला फिजिक्स तरी कोण शिकवणार? हा शेवटचा विचार आला तेव्हा बरं वाटलं, म्हणून तोही तपासून बघितला. पत्र न द्यायला शोधलेलं कारण होतं ते.

१० जुलै, गुरुवार

पत्र पिशवीत. दिलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

दिलं नाही. प्राचार्य धाराशिवला मीटिंगला गेले होते. तीनला आले असं नंतर कळलं. मी तेव्हा बसमध्ये होते.

१३ जुलै, रविवार

बेंबळीला वडिलांना, आण्णांना फोन. पाऊस किती, सोयाबीन कसं, ते सगळं झाल्यावर पत्राचं सांगितलं. आण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"लिवलंस ना पत्र?"

लिहिलंय.

"मग दे की. लिवून भिंतीला टांगून ठिवायला ते काय पंचांग हाय व्हय?"

नोकरी जाईल आण्णा.

"जाईल की. न्हाय बी जायाची." मग म्हणाले, "तू धाकटी असताना बिनकामाचं खोटं बोलायचीस. कामाचं कधी न्हाय बोललीस." हे कौतुक होतं की काय, अजून कळलं नाही.

१४ जुलै, सोमवार

दिलं.

प्राचार्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. "मॅडम, हे कशाला? मेडिकल म्हटलं होतं ना."

घरचे तयार नाहीत, म्हटलं. आणि ती आजारी नव्हती सर.

"हे विद्यापीठात गेलं की ते विचारणार, तुम्ही बसवर वेळापत्रक करता? मागची चार वर्षं काढा म्हणतील. एका पोरीसाठी सगळं कॉलेज उघडं करायचं?" वाईट माणूस नाही हा. खरंच घाबरलेला दिसला. मग हळू आवाजात, "एकवीसला तुमची मुलाखत आहे."

माहीत आहे सर.

त्यांनी पत्र पेपरवेटखाली ठेवलं. मी म्हटलं, आवक नंबर हवा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बेल वाजवली. क्लार्कनं शिक्का मारला, माझ्या प्रतीवर नंबर टाकला. पुढं विद्यापीठात पाठवायचं त्यांच्या सहीनं.

बसमध्ये प्र. शेजारी बसली होती. सांगितलं. "बरं," म्हणाली. लोणारवाडी आली. उतरताना वाकून पाया पडायला लागली, भरल्या बसमध्ये. मी ओरडले तिच्यावर. पाया पडून घ्यावं असं मी काय केलं होतं?

१८ जुलै, शुक्रवार

पाठवलं का? क्लार्क म्हणतो सही व्हायचीय. सायंकाळी फोन केला, म्हणतो फाइल आत आहे.

१९ जुलै, शनिवार

गेलं. ई-मेलनं, दुपारी. प्राचार्यांनी वर एक ओळ जोडलीय: "सदर बाब संबंधित तासिका प्राध्यापिकेची वैयक्तिक चूक असून महाविद्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही." क्लार्कनं हळूच दाखवलं. वाचून आधी भडकले. मग वाटलं, पाठवलं ना. नसतं पाठवलं तर मी काय करणार होते?

२१ जुलै, सोमवार

मुलाखत. चार माणसं, एक टेबल, बिस्किटं. फिजिक्सचा एकच प्रश्न. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, मोजमापातली चूक म्हणजे काय, मुलांना कसं शिकवता? मी उत्तर दिलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते.

कळवतो म्हणाले. दरवर्षी तिथंच "जॉइन व्हा" म्हणतात.

२२ जुलै, मंगळवार

ऑर्डर नाही, तोवर तास सुरू करा म्हणाले, आणि नवं वे.प. बोर्डावर लागलं. मी केलेलंच, कोणी बदललं नाही. गणित पहिला तास, पावणेआठ. फिजिक्स शेवटी, अडीचपर्यंत. सासूबाईंना सांगितलं, एखाद्या दिवशी बस चुकली तर सहा वाजतील. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे काय तुझ्या वेळापत्रकात नाहीत वाटतं." मग ओवीसाठी शेजारच्या वैशालीशी त्यांनीच बोलणी केली.

२४ जुलै, गुरुवार

अडीचला तास संपवून भराभर चालत स्टँडवर. दोन एकेचाळीस. बाकडं रिकामं. शेंगावाली म्हणाली, "गेली की मॅडम. आज येळंवर आली अन् येळंवर गेली."

वर्षभरात कधी नव्हे ती दोन बाराला सुटलेली. सरासरी आलेखावर असते. आजची बस आजचीच असते. प्र. आणि मी पाच वाजेपर्यंत बसलो. तिनं शेरा लिहिला: "वेळेवर. नवीन चालक." मला हसू यायला लागलं ते थांबेना. तीही हसली. मग तिनं पिशवीतून पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक काढलं, कदम सरांनी दिलेलं, आणि आम्ही इंटिग्रेशनची आठ उदाहरणं सोडवली. सहाव्याला मी अडकले, ती नाही.

घरी ओवी बोलली नाही माझ्याशी.

२८ जुलै, सोमवार

पोर्टलवर प्र.चा अर्ज: "प्रलंबित". मायनरचा रकाना रिकामा. एकतीसला बंद होतं. तोवर काही आलं नाही तर आपोआप केमिस्ट्री पडणार. विद्यापीठात फोन लावला, तीन टेबलं फिरवला, चौथ्यानं उचललाच नाही.

माझीही ऑर्डर नाही. एका बाईंना विचारणा झालीय म्हणे, बार्शीच्या. फिजिक्सच्याच.

३० जुलै, बुधवार

दिवसभर पोर्टल. प्रलंबित.

मधल्या सुट्टीत कदम सर लॅबमध्ये आले, हजेरीचा कॅटलॉग काखेत. म्हणाले, "आज एक गंमत झाली." प्र. सोमवारपासून त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसते. पहाटेच्या दुधाच्या टेम्पोतून येते, कारण साडेसातची बस कधी साडेसातला येत नाही, हेही तिनं मोजलंय. कॅटलॉगमध्ये तिचं नाव नाही, गणित तिचा विषयच नाही अजून. दोन दिवस सरांनी हजेरी घेतली, ती गप्प. आज शेवटचं नाव झालं, सरांनी कॅटलॉग मिटला आणि मागून आवाज आला, "हजर."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. सर म्हणाले, "मी परत उघडला, सगळ्यात खाली नाव लिहिलं." मला दाखवलं. प्रतीक्षाचं नाव, पेन्सिलनं.

पेनानं लिहा सर, म्हटलं.

"उद्या खोडायला लागलं तर?"

मी माझ्या पर्समधलं लाल पेन काढून त्यांच्यापुढं ठेवलं. ते त्या पेनाकडं बघत राहिले. तेवढ्यात बेल झाली. माझा तास होता, मी खडू घेऊन गेले. परत आले तर पेन टेबलावर होतं, टोपण काढलेलं, कॅटलॉग ते घेऊन गेले होते.